आधीचे दोन हजार

हातमोजा घाल आधी.
बोटाचं तेल काचेला लागलं
की तेवढ्याच जागी काच जास्त तापते
आणि एके रात्री फुटते.
हे मला कुंजप्पनने शिकवलं,
मनामात, गुदैबियाच्या दुकानात.
आता कुंजप्पन नाही, दुकान नाही,
हातमोजा आहे.

दर मार्चमध्ये बँकेत जातो, सोळाव्या मजल्यावर.
मीटिंग हॉलमधले चार प्रोजेक्टर.
दोन हजार तास भरले की दिवा बदलायचा,
करारात लिहिलंय.
दिवा धडधाकट असतो,
भिंतीवरच्या आकड्यांवर पांढराशुभ्र पडतो.
तरी काढायचा.
काढलेल्याचं काय करायचं, हे मात्र लिहिलेलं नाही,
म्हणून तो माझ्या गाडीत येतो.

सलमाबादच्या कॅम्पात, जेवणाच्या हॉलमध्ये,
बंद पडलेल्या हॉटेलातून आणलेलं एक मशीन आहे.
पडदा म्हणजे दोन चादरी जोडलेल्या.
शिवण बरोबर नटाच्या नाकावरून जाते,
कुणाला त्याचं काही नाही.
पण चित्राच्या डोक्यावर इंग्रजीत पाटी यायला लागली:
दिवा बदला.
दर पंधरा मिनिटांनी. मारामारीत, नाचात, मरणात.
मल्लय्या म्हणाला, सोलकरभाई, ही पाटी तेवढी काढा.

आत जाऊन तास पाहिले: चार हजार एकशे बारा.
नवा दिवा अठ्ठेचाळीस दिनार.
माणसं एकेचाळीस,
त्यातल्या नऊ जणांना तीन महिने पगार नाही.
मल्लय्याने वही उघडली, पाहिली, मिटली.

मी दोन बटणं एकदम दाबून धरली. पाच सेकंद.
शून्य.
दिवा तोच, काळवंडलेला,
पडद्यावर सगळ्यांना कावीळ,
पण मशीनला वाटलं, आपण आजच जन्मलो.
टाळ्या पडल्या. वेलचीचा चहा आला.
प्यालो.

तेविसाव्या दिवशी फुटला.
ऐन बाळंतपणाच्या प्रसंगात
नायिका किंचाळली आणि ठक्क.
अंधारात आधी सगळे हसले म्हणे,
मग वास आला.
मी फोनवर ओरडत होतो, दारं उघडा,
बाहेर निघा, पारा असतो त्यात, वाफ ओढू नका.
ऑगस्टच्या त्या चिकट रात्री
बनियनवर उभे राहिले सगळे, हातात ताटं.
मला कुणी काही बोललं नाही.
बोलले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी गाडीतला दिवा घेऊन गेलो.
चिमट्याने काचा वेचल्या, ओल्या फडक्याने पुसलं.
बँकेचा साचा वेगळा, कॅम्पाचा वेगळा,
आतला दिवा मात्र एकाच जातीचा.
चार स्क्रू, दोन वायरी.
किती उरलेत यात? मल्लय्याने विचारलं.
दोन हजार असतील, म्हटलं.
असतील म्हणजे?
म्हणजे चार हजार चाललेले मी पाहिलेत,
आणि सातशेत गेलेलाही.
जाळी दर शुक्रवारी धुवा, वाळू बसते.
बंद केल्यावर पंखा फिरतोय तोवर वायर ओढू नका,
त्याला निवू द्या.

मशीन बहात्तर तास दाखवत होतं.
तो खोटेपणा माझा.
त्यात मागचं काही भरता येत नाही,
फक्त पुसता येतं.
म्हणून पांढऱ्या पट्टीवर मार्करने लिहिलं:
आधीचे २०००.
मल्लय्याने खाली तेलुगूत लिहिलं, माझ्याहून लांब.
काय लिहिलंस?
तेच. आणि सोलकरभाईला चहा, साखर कमी.

जूनमध्ये मला साठ होतील.
व्हिसा पुढे वाढणार नाही,
ऑफिसातली मुलगी म्हणाली, नियम आहे, सर.
मी हसलो.
तिला वाटलं, समजूतदार माणूस.

दिवा पेटायला मिनिटभर लागतं.
आधी जांभळट, मग निळसर, मग एकदम उजेड.
चित्र अजून नव्हतं.
नुसता पांढरा चौकोन, मधोमध शिवण,
आणि मागच्या बाकावरून कुणीतरी
दोन हात जोडून
भिंतीवर कुत्रा भुंकवला.